मागच्या सीटवरची ठमी

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरून गाडी उघडली, पर्स शेजारच्या सीटवर टाकली आणि त्या चाकामागे बसल्या. पाय पोचेनात. सीटखालचा दांडा उचलून त्यांनी सीट पुढे ओढली.

मागून कोणीतरी कुरकुरलं.

त्यांना वाटलं, सीटच कुरकुरली. शेअरिंगच्या गाड्या, दिवसातून दहा जण बसणार, काहीतरी वाजणारच. त्यांनी आरसा सारखा केला. आरशात बेबी सीटची पाठ दिसली, आणि पाठीच्या वर एक इवलीशी मूठ.

त्यांनी मागे वाकून पाहिलं. चार महिन्यांची मुलगी होती. निळं झबलं, पायावर लस टोचल्याची चिकटपट्टी. तिने डोळे उघडले, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या आणि रस्त्यावर उभ्या राहून इतक्या मोठ्याने ओरडल्या, की समोरचा फुलवाला धावत आला.

*

त्या शेअरिंगच्या गाड्यांच्या कंपनीत एक बाई होत्या, त्यांना सगळे ओरखडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. गाडीवर ओरखडा उठला, बंपर चेपला, काच तडकली, की कोणाच्या ट्रिपमध्ये ते झालं हे शोधायचं त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी गाड्या मोजक्या होत्या. आता गल्लीगल्लीत होत्या. लोकांनी घरच्या गाड्या विकल्या आणि तेवढेच ओरखडे त्यांच्या टेबलावर वाढले. बारभाईंची गाडी. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. प्रत्येक जण म्हणायचा, माझ्या आधीच्याने केलं.

या वेळी आधीच्याने काहीच नाकारलं नव्हतं.

"आईच आहे," साहेब म्हणाले. "शेवटची ट्रिप तिच्या नावावर. दवाखान्यातून निघाली, मध्ये थोडा वेळ 'थांबा' दाबलं, पुन्हा गाडी चालवली, घराखाली ट्रिप संपवली आणि वर जाऊन झोपली. पोरगी गाडीत. स्वतः कबूल करतेय. दोन ओळी लिहा, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा, आणि द्या त्या बालकल्याणवाल्या बाईंना. उद्या सकाळी त्या निर्णय देणार आहेत."

"कसला निर्णय?"

"पोरीला आईकडे द्यायचं, की शिशुगृहातच ठेवायचं."

ओरखडेबाईंनी मान हलवली. त्यांच्या आत काहीच हललं नाही. असं बरेच दिवस होत होतं. घरी त्यांचा दीड वर्षाचा मुलगा होता, त्यांच्या आईकडे. जिन्यात उभं राहून त्यांनी फोन लावला.

"आई, झोपला का?"

"झोपलाय. आणि तू अशी तासातासाला घंटा वाजवलीस तर उठेल."

"श्वास नीट आहे ना?"

"अगं, घोरतोय बापासारखा. ठेव आता."

त्यांनी फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा पत्ता शोधला.

*

डॉक्टरीणबाई दोन पेशंटच्या मध्ये भेटल्या. हातमोजे हातातच होते.

"गाडी नकाशावर कधी दिसली?"

"त्याच मिनिटाला. मी खिडकीशी उभी राहून बघत होते, कारण आजकाल गाड्या मिळतात कुठे? दिसली की गेली. ही दिसली, मी लगेच धरली आणि चालत निघाले. कोपऱ्यावर तर आहे."

"बाळाला घाम आला होता?"

"नाही. तेच तर नशीब. ऊन मी म्हणत होतं. गाल अगदी कोरडा. म्हणजे नुकतीच ठेवली होती ना."

"विसरली होती," ओरखडेबाई म्हणाल्या.

"हो, तेच. विसरली होती." डॉक्टरीणबाईंनी हातमोजे ओढून काढले. "मला दोन मुलं आहेत. सगळे विचारतात, आई विसरूच कशी शकते. मी नाही विचारत. मी एकदा धाकट्याला किराणाच्या दुकानात काउंटरवर ठेवून निघाले होते. पिशव्या सगळ्या घेतल्या होत्या, बरं का."

"गाडी कशी होती? घाण, वास, काही?"

"स्वच्छ होती. फक्त सीट पार मागे. मी काही बुटकी नाही, पण माझे पाय लोंबकळायला लागले. तुमच्या गाडीत कोण जिराफ बसतात हो?"

ओरखडेबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "झबलं निळं होतं, नक्की?"

"निळं. बाह्या लांब. एक बटण चुकून वरच्या घरात गेलं होतं."

*

घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद होता आणि तोही जुना झाला होता.

दार बाळाच्या आईनेच उघडलं. ती इतकी लहानखुरी होती, की ओरखडेबाईंना क्षणभर वाटलं शेजारची शाळकरी मुलगी आली आहे. तिने आत बोट दाखवलं. बसायच्या खुर्चीवर एक शर्ट पडला होता, खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. तो तिने उचलला आणि कुठे ठेवायचा हे न सुचून पुन्हा तिथेच ठेवला.

"ठमी काही खाते का तिथे?" तिने विचारलं. "म्हणजे, पिते का?"

"पिते म्हणाल्या."

"बरं."

ती पलंगाच्या कडेला बसली. आवाजात चढउतार नव्हता. वाण्याकडे सामान सांगावं तशी ती बोलत होती.

"दवाखान्यातून निघालात. मग?"

"निघताना ओकली. माझ्या खांद्यावर, स्वतःच्या झबल्यावर. पिवळ्या. मी पुसलं. नर्स म्हणाल्या, ताप येईल, थेंबांचं औषध आणून ठेवा, आमच्याकडचं संपलंय. मी हो म्हटलं."

"मग?"

"गाडी घराखाली लावली."

"ट्रिप संपवलीत?"

"नाही, 'थांबा' दाबलं. नेहमीच दाबते. ठमी, तिची पिशवी आणि बेबी सीट हे सगळं एका खेपेत चार जिने वर येत नाही. 'थांबा' दाबलं की गाडी कुलूपबंद होते, पण आपल्याच नावावर राहते. आधी हिला वर निजवते, मग खाली येऊन सीट काढते, मग ट्रिप संपवते. आमच्या फोनवरच्या आयांच्या गटातल्या सगळ्या बायका असंच करतात."

"त्या दिवशी वर आलात, तेव्हा ठमी हातात होती?"



"आठवत नाही," ती म्हणाली. "मला फक्त उशी आठवते. आणि मग दार वाजत होतं. पण रेकॉर्ड म्हणतंय ना, मी पुन्हा खाली गेले, गाडी चालवली, परत आले. म्हणजे गेलेच असणार. औषध आणायला गेले असेन. औषध आहे ना घरात."

औषध होतं. फ्रिजवर, दुकानाच्या पिशवीत, न फोडलेलं.

"तुम्ही आणलंत?"

"आणलं असणार."

"नवरा कुठे होता?"

"हॉटेलात कामाला आहे तो, रिसेप्शनवर. दुपारची पाळी. गेला असेल. मी दार नीट लावलं की नाही तेही आठवत नाही, ताई. गेला महिनाभर मी काहीतरी विसरतेच. परवा चहाचं आधण विसरले, भांडं जळलं. तोच म्हणाला होता, एक दिवस तू पोरीला विसरशील." तिने हाताकडे पाहिलं. "विसरले."

"फोन तुम्ही कुठे ठेवता?"

"उशाशी. रात्री दूध पाजायचा गजर लागतो ना."

"दार वाजलं, तेव्हा उशाशी होता?"

"नाही. स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. मीच लावला असणार."

ओरखडेबाईंनी हात धुवायला बाथरूम विचारलं. नळाखाली बादली होती. बादलीत साबणाच्या पाण्यात एक छोटंसं पिवळं झबलं भिजत पडलं होतं.

त्या तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हात धुतले. बाहेर येऊन एवढंच विचारलं, "तुमच्या घरी कपडे कोण भिजवतं?"

"मीच. नाही तर तो."

*

नवरा हॉटेलच्या काउंटरमागे उभा होता. उंच, किंचित वाकलेला, कुठलंही दार आपल्यासाठी ठेंगणंच असणार असं मानून चालणाऱ्या माणसासारखा. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तुम्ही त्या दिवशी किती वाजता निघालात?"

"लवकर. ती दवाखान्यातून यायच्या आधीच. इथे कँटीनमध्ये जेवलो."

"कोणाबरोबर?"

"एकटाच. मॅडम, तिला दोष देऊ नका. झोप नाही हो तिला. गॅस विसरते, किल्ली विसरते. आई झाली म्हणून माणूस यंत्र होत नाही."

"तुमचं स्वतःचं खातं आहे आमच्या गाड्यांवर?"

"होतं. तुम्हीच बंद केलंत." तो कसनुसा हसला. "खांबाला घासली होती. तुम्हीच फोटो पाठवला होता मला. ओरखडा केवढा, आणि बाण केवढा."

"आठवत नाही. बरेच असतात."

"साहजिक आहे."

त्याने काउंटरखालून कापडी पिशवी काढली. घड्या करून ठेवलेले छोटे कपडे, मोजे, एक पातळ पांघरूण.

"उद्या तुम्ही तिथे जाणारच आहात, तर एवढं पोचवाल? आम्हाला अजून भेटू देत नाहीत. आणि ते निळं झबलं तिच्या अंगावरच गेलंय, तेवढं मागून घ्या. लांब बाह्यांचं तेच एक आहे. एसी असेल तिथे, तिला गार लागतं."

ओरखडेबाईंनी पिशवी घेतली. ती हलकी होती.

बाहेर येऊन त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला.

"पिवळं," नर्स म्हणाली. "पिवळंच झबलं. बदलायला दुसरं काही आणलं नव्हतं त्यांनी, म्हणून मी ओल्या कापसाने पुसून दिलं. त्या मला चारदा सॉरी म्हणाल्या. का हो, काय झालं?"

*

बालकल्याण अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. सकाळची वेळ, खोलीत एक टेबल, चार खुर्च्या. भिंतीपलीकडे कुठेतरी बरीच बाळं एकमेकांना ऐकून रडत होती. ठमीची आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. नवरा तिच्या मागे उभा होता, हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर.

"हं, बोला," अधिकारी बाई नाक पुसत म्हणाल्या. "माझ्याकडे खुर्च्या कमी आणि आया जास्त आहेत. लिहून आणलंय?"

"नाही. सांगते."

"सांगा."

"या बाई विसरल्या, असं सगळे म्हणतायत. त्याही म्हणतायत. कोणीच असं विचारलं नाही, की बाळाच्या अंगावर कोणते कपडे होते."

नवऱ्याचा हात खुर्चीवरून निघाला.

"दवाखान्यातून बाळ पिवळ्या झबल्यात निघालं. त्यावर ओकलं होतं. बदलायला दुसरं नव्हतं. हे नर्सने सांगितलं. गाडीत सापडलं तेव्हा अंगावर निळं झबलं होतं. पिवळं यांच्या बाथरूममध्ये बादलीत भिजत होतं. मी पाहिलं. याचा अर्थ काय?"

"काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"दवाखान्यानंतर बाळ घरी आलं होतं. चौथ्या मजल्यावर. तिथे त्याचे कपडे बदलले. म्हणजे या बाईंनी गाडी लावली, 'थांबा' दाबलं आणि नेहमीसारखं आधी मुलीला वर आणलं. तिला निजवलं आणि शेजारी स्वतः आडव्या झाल्या. झोप लागली."

ठमीच्या आईने मान वर केली.

"पण मग गाडी पुन्हा चालली," अधिकारी बाई म्हणाल्या. "यांच्याच नावावर. याच बाळाला घेऊन पुन्हा गेल्या असतील, औषधाला."

"मीही आधी तेच धरलं होतं. पण ज्याने पिवळं झबलं भिजत घातलं, त्याने यांचा शर्ट भिजत घातला नाही. त्याच ओकारीचा डाग, आणि तो खुर्चीवर तसाच पडलेला. स्वतःच्या हाताने एक कपडा भिजवणारी बाई दुसरा बाहेर ठेवत नाही. आणि मग ती सीट. डॉक्टरीणबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांचे पाय पोचेनात. ती सीट पुढे ओढली म्हणूनच बाळ कुरकुरलं आणि सापडलं. या बाईंना उभं राहा म्हटलं, तर तुमच्या खांद्याला लागतील. तेवढी मागे सीट ठेवून यांचा पाय ब्रेकपर्यंत गेलाच नसता. शेवटी गाडी चालवली ती कोणीतरी उंच माणसाने."

खोलीत कोणी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"ट्रिप सुरू करताना आमची गाडी चेहऱ्याचा फोटो मागते," ओरखडेबाई म्हणाल्या. "'थांबा'नंतर मागत नाही. ट्रिप चालूच असते, फोन हातात असला की झालं. किल्ली आतल्या कप्प्यात. फोन यांच्या उशाशी असतो. दार वाजलं तेव्हा तो स्वयंपाकघरात होता. आणि यांचे पती म्हणतात, ते दवाखान्याच्या आधीच घरातून गेले. मग काल त्यांनी मला ही पिशवी दिली आणि म्हणाले, निळं झबलं तिच्या अंगावरच गेलंय. यांना कोणी सांगितलं? तुम्ही?"

"नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"बायकोने? तिला तर अजूनही वाटतं की पिवळं होतं."

"पिवळं," ठमीची आई हळूच म्हणाली.

अधिकारी बाईंनी रुमाल टेबलावर ठेवला. "बोला हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तो बोलला. आवाज इतका साधा होता, की ऐकणाऱ्याला वाटावं दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालली आहे.

"ती रडत होती. ठमी. हिला जाग येईना. मी कपडे बदलले. औषधाची चिठ्ठी पिशवीत दिसली. म्हटलं, गाडी खाली आहेच, पोरगी गाडीत झोपते, औषधही येईल, हिलाही झोप मिळेल. चांगलंच करायला गेलो होतो. औषध घेतलं, परत आलो, पाळीला उशीर झाला होता. ट्रिप संपवली, वर पळालो, औषध ठेवलं, हिचा फोन चार्जिंगला लावला, खाली पळालो आणि समोर बस होती. ठमी एवढी शांत झोपली होती. मागे सीटची नुसती पाठ दिसते. मला वाटलं... मला काहीच वाटलं नाही. बसमध्ये बसलो आणि छान वाटत होतं, सगळी कामं झाली म्हणून."

"आणि मग?"

"मग फोन आला. तुमच्या माणसाचा. तो म्हणाला, तुमची बायको मुलीला गाडीत विसरली. असंच म्हणाला. मी काही बोलायच्या आत. मी घरी गेलो, तर शेजारीपाजारी तेच म्हणत होते. ही स्वतः तेच म्हणत होती. सगळ्यांनी आधीच तिचं नाव घेतलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं." तो थांबला. "पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, कालच का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं."

"आणि पोरगी हिला मिळाली नसती तर?"



विसरणं गुन्हा आहे की नाही, हे ओरखडेबाईंना माहीत नव्हतं. ते त्यांचं कामही नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की हा माणूस त्या दुपारी काही मिनिटं विसरला होता आणि त्यानंतर सगळा वेळ त्याला सगळं आठवत होतं.

अधिकारी बाईंनी घंटी वाजवली. आतून एक मदतनीस ठमीला घेऊन आली. अंगावर इथलंच पांढरं झबलं होतं. नवरा पुढे सरकला.

"तुम्ही बसा," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमचा जबाब व्हायचाय."

तो बसला. बसल्यावर त्याचे गुडघे टेबलाला टेकले.

मदतनिसाने बाळ पुढे केलं. ठमीच्या आईने हात पुढे केले नाहीत. ती बाळाकडे नाही, ओरखडेबाईंकडे पाहत होती.

"काय म्हणालात तुम्ही?" तिने विचारलं. "मघाशी. मी गाडी लावली, मग?"

"'थांबा' दाबलंत. मुलीला वर आणलंत."

"मी?"

"तुम्ही."

"चार जिने?"

"चार जिने. हातात घेऊन. निजवलंत तिला."

नवऱ्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं आणि त्याच्या पाठीवर तळहात सपाट ठेवला. बाळाचा श्वास हाताला जाणवला असावा, कारण तिचा स्वतःचा श्वास तेव्हा कुठे खाली उतरला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

ओरखडेबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.